थंडीत पातळ, उन्हाळ्यात जाड?

भुदरगड तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"सर, नमस्कार. आमच्या घरी तीन गाड्या आहेत. माझी ११० सीसीची स्कूटर २०१७ सालची आहे. रोज पहाटे पाचला दूध घेऊन संस्थेत जाते. अंतर दीड किलोमीटर. संध्याकाळी परत तेच. सासऱ्यांची १०० सीसीची जुनी मोटारसायकल आहे, ती आठवड्यातनं एकदा-दोनदा कोल्हापूरला मार्केट यार्डात जाते. आणि ट्रॅक्टर आहे, तो हंगामात ऊस ओढतो. डिसेंबर लागला की माझी स्कूटर पहाटे बटणावर सुरू होत नाही, किक मारून पाय दुखतो. गावातले मिस्त्री म्हणतात, थंडीत पातळ इंजिन ऑइल घालायचं आणि शिमगा झाला की जाड, म्हणजे ट्वेंटी-फिफ्टी (२०डब्ल्यू-५०). गेल्या शिमग्याला घातलेलं ट्वेंटी-फिफ्टी अजून तसंच आहे. सासऱ्यांची गाडी धूर मारते म्हणून तिच्यात कायमच ट्वेंटी-फिफ्टी असतं. माझे दीर फौजेत आहेत, सध्या लेहला. ते सुट्टीला आले तेव्हा म्हणाले, तिकडं झिरोवालंच ऑइल चालतं. येताना पुण्यातनं झिरो-ट्वेंटीचा (०डब्ल्यू-२०) मोठा डबा घेऊन आले, तिन्ही गाड्यांत हेच घाला म्हणतात. घरात रोज वाद चाललाय. नेमकं काय घालू? आणि सर्व्हिसिंगला निघालेलं काळं ऑइल आम्ही गोठ्याच्या दारांना आणि मेढींना लावतो, वाळवी लागत नाही म्हणून. ते चालतं ना?"

ताई, नमस्कार.

वाद लवकर मिटावा म्हणून निकाल आधी देतो. आपल्याकडं थंडीचं एक आणि उन्हाळ्याचं एक अशी दोन ऑइलं लागत नाहीत. प्रत्येक गाडीला तिच्या पुस्तिकेत छापलेलं ऑइल, बारा महिने. दिरांनी आणलेला डबा तिन्हींपैकी एकाही गाडीत घालू नका. स्कूटर पहाटे दमवते त्याला शिमग्याचं ट्वेंटी-फिफ्टी काही अंशी जबाबदार आहे, पण सगळा दोष त्याचा नाही.

आता हे कशावरून, ते सांगतो.

डब्यावर १०डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यात दोन वेगवेगळ्या परीक्षांचे निकाल असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा इंजिन गारठलेलं असताना ऑइल कितपत हलतं ते सांगतो. नंतरचा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंशांना, ऑइल किती जाड उरतं ते सांगतो. आकडा लहान तितकं ऑइल पातळ. ही मोजणी एसएई या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवलेली आहे आणि जगभर तीच चालते.

पहिल्या परीक्षेचं तापमान बघितलं की तुमच्या घरातला निम्मा वाद संपतो. २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांना घेतात. १५डब्ल्यूची उणे २०, १०डब्ल्यूची उणे २५, ५डब्ल्यूची उणे ३० आणि ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. त्या गारठ्यात स्टार्टरला इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल सैल राहिलं पाहिजे, अशी अट असते. ऑइल पंपाला ते ओढता येतं का, हे आणखी पाच अंश खाली नेऊन बघतात. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा बहुतेक वेळा १४-१५ अंशांवर असतो, कडाक्याची थंडी पडली तर दहा-बाराला येतो. तुमच्याकडं डोंगराच्या कडेला एखादा अंश आणखी कमी धरा. म्हणजे ज्या थंडीसाठी हे आकडे केले आहेत, ती आपल्या जिल्ह्यात कधी येतच नाही.

लेहची गोष्ट निराळी. तिथं हिवाळ्यात रात्रीचा पारा उणे १५-२० पर्यंत जातो. रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीत २०डब्ल्यू असेल तर सकाळी स्टार्टर फिरणार नाही. फिरला तरी ऑइल वरपर्यंत चढायला वेळ लागेल आणि तोवर इंजिन कोरडं घासेल. त्यामुळं दीर सांगतात ते तिथल्यासाठी अगदी बरोबर आहे. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलंय. फक्त त्या अनुभवाचा गारगोटी-राधानगरीच्या थंडीशी संबंध नाही.

तरीही आपल्या थंडीत जाड-पातळ ऑइलचा काहीच फरक पडत नाही, असंही समजू नका. ऑइलचा दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. साधारण १०डब्ल्यू-३० घेतलं तर ४० अंशांना ते सत्तरच्या आसपास भरतं आणि १०० अंशांना दहा-अकरा. २०डब्ल्यू-५० हे ४० अंशांना दीडशेच्या वर आणि १०० ला अठराच्या जवळपास. म्हणजे गार असताना ते दुपटीहून जाड, आणि पहाटेच्या दहा-बारा अंशांना हा फरक आणखी वाढतो. गुऱ्हाळावर काकवी कढईतून धो धो वाहते आणि तीच थंडीत बरणीतून निघता निघत नाही, तसं. स्कूटरचं इंजिन लहान, त्याचा स्टार्टर लहान आणि बॅटरी त्याहून लहान. टेन-थर्टीसाठी बनवलेल्या इंजिनात ट्वेंटी-फिफ्टी असेल तर पहाटे किक जड लागणारच. एवढाच त्या ऑइलचा दोष.

आता उन्हाळा. मिस्त्रींची भीती अशी की एप्रिल-मेच्या उन्हात पातळ ऑइल पाण्यासारखं होईल आणि इंजिन धरेल. कोल्हापूरचा उन्हाळा ३८-४० अंशांचा. तुमची स्कूटर हवेवर गार होणारी आहे, त्यामुळं उन्हाळ्यात तिचं ऑइल हिवाळ्यापेक्षा जास्त तापतं हे खरं आहे. पण हीच स्कूटर, हीच पुस्तिका घेऊन चंद्रपुरातही विकली जाते, आणि तिथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. कंपनीनं ग्रेड ठरवताना ते ऊन धरलेलं असतं. कोल्हापूरच्या उन्हाळ्यासाठी वेगळी भर घालायची गरज नाही.

मिस्त्रींना मात्र खोटं पाडू नका. थंडीत एक आणि उन्हाळ्यात एक ही रीत हवेतून आलेली नाही. पूर्वी ऑइल एकेरी ग्रेडचं असायचं, नुसतं ३० किंवा नुसतं ४०. नदीकाठच्या पाण्याच्या डिझेल इंजिनांवर ज्यांनी काम केलंय त्यांना आठवत असेल, थंडीत तीस आणि उन्हाळ्यात चाळीस घालायचे. तेव्हा ते बरोबरच होतं, कारण एकेरी ग्रेडला दोन्ही टोकं सांभाळता येत नाहीत. पुढं मल्टिग्रेड ऑइल आलं. त्यात लांबलचक पॉलिमरचे रेणू मिसळलेले असतात. गार असताना ते आक्रसून बसतात आणि ऑइलला आडवे येत नाहीत. तापल्यावर पसरतात आणि ऑइल फार पातळ होऊ देत नाहीत. म्हणून त्या डब्यावर दोन आकडे असतात. हंगामाप्रमाणं ऑइल बदलायचं काम आता डब्यातलं ऑइल स्वतःच करतं. उस्तादाकडून शिकलेली रीत माणूस सहजी सोडत नाही, आणि ज्या काळात ती शिकली त्या काळात ती खरीच होती.

मग जाड ऑइल घातल्यानं बिघडतं काय, असं सासरे विचारतील. शिरोली आणि गोकुळ शिरगावला इंजिनाचे सुटे भाग करणारी माणसं घरोघरी आहेत, त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजतात. ती फट, ऑइल वर नेणाऱ्या बारीक वाटा, पंपाची ताकद, हे सगळं एका ठराविक जाडीचं ऑइल धरून आखलेलं असतं. ऑइल जाड झालं की इंजिन सुरू झाल्यावर वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅम आणि रॉकरपर्यंत ते उशिरा पोचतं. पहाटे सुरुवातीला वरून टक-टक-टक असा कोरडा आवाज येतो आणि थोड्या वेळानं मिटतो, तो बऱ्याचदा हाच. शिवाय जाड ऑइल ढवळण्यात इंजिनाची ताकद जाते, ॲव्हरेज घसरतं. जास्तीचं जाड ऑइल म्हणजे जास्तीचं संरक्षण, हा समज लहान गाड्यांच्या बाबतीत खरा नाही.

आता स्कूटरकडं वळू, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट दीड किलोमीटरचं अंतर आहे.

तुम्ही दिवसात चारदा दीड किलोमीटर जाता. सहा किलोमीटर दिवसाला, वर्षाला जेमतेम दोन हजार. मीटरवर बघितलं तर ऑइल बदलायची वेळ आलेलीच दिसत नाही. म्हणून शिमग्याचं ऑइल डिसेंबरातही तसंच आहे. पण दीड किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागं साधारण एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळच्या भागात, उतरते. इंजिन चांगलं तापलं की ती उडून जाते. तापलंच नाही तर तिथंच गार होऊन पाणी होते आणि ऑइलमध्ये मिसळते. त्याच वाटेनं न जळलेलं पेट्रोलही उतरतं, ऑइल पातळ करतं आणि आम्लं साचवतं.

उद्या सकाळी एक करा. स्कूटर गार असताना ऑइलची टोपी उघडा, तीच जिला खाली मोजपट्टी असते. टोपीच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. फिकट पिवळसर, सायीसारखा चिकट थर लागला तर तो हा पाण्याचा आणि ऑइलचा साका. नुसत्या टोपीलाच असेल तर घाबरू नका, थंडीत कमी अंतर चालणाऱ्या गाड्यांना तो होतो. पण पट्टीवरचं सगळंच ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिनात बाहेरून पाणी शिरलंय. तशी गाडी सुरू करू नका, आधी ऑइल काढून टाका. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या तशाच सुरू करून बघितल्यामुळं पुष्कळांची इंजिनं गेली.

या साक्यावर औषध सोपं आहे. आठवड्यातून एकदा स्कूटर गारगोटीला न्या, किंवा आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जा. एका दमात पंधरा-वीस किलोमीटर झाले की आतलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. आणि ऑइल किलोमीटरवर नको, महिन्यांवर बदला. तुमच्यासारख्या वापराला दर सहा महिन्यांनी, मीटर काहीही दाखवू दे. पुस्तिकेतही बहुधा किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, आणि जे आधी येईल ते पाळायचं असतं. एकदा पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, आणि एकदा शिमग्याला बदलायचं ठरवून टाका. मिस्त्रींची शिमग्याची तारीखही राहील, फक्त दोन्ही वेळा ऑइल एकच.

हे ऑइल कुठलं? ११० सीसीच्या बहुतेक स्कूटरांना १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते एकदा बघा. पुस्तिका हरवली असेल तर शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर मॉडेल आणि साल सांगितलं की सांगतात. डब्यावर ग्रेडच्या खाली जासो एमबी असं लिहिलेलं असेल तर ते स्कूटरसाठीचं. या एमबीबद्दल पुढं सासऱ्यांच्या गाडीपाशी सांगतो. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, अगदी थोडं. तेही पुस्तिकेत दिलेल्या वेळी बदलून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते राहून जातं.

पातळी तपासायची सवयही लावून घ्या. स्कूटरमध्ये ऑइल लिटरभरसुद्धा मावत नाही. त्यातलं शंभर मिलिलिटर कमी झालं तरी दहाव्या हिश्शाहून जास्त गेलं. सपाट जागी, मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. पट्टी पुसून आत घाला, बहुतेक स्कूटरांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये ऑइल दिसलं पाहिजे. वरच्या खुणेच्याही वर भरू नका. जास्त ऑइलही इंजिनावर ओझंच असतं, आणि ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं.

एवढं करूनही पहाटे किक मारावी लागली तर ऑइल सोडून इतर गोष्टींकडं बघा. बॅटरी आधी. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांना हेडलाइट कायम चालू असतो. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर दीड किलोमीटरात स्टार्टरनं खाल्लेला करंट भरूनच निघत नाही. त्यात थंडीत बॅटरीची ताकद कमी होते. पहाटे बटण दाबल्यावर नुसता कट-कट आवाज आला आणि हॉर्नही मंद वाजला तर बॅटरी चार्ज करून तपासून घ्या.

पण किकेलाही लवकर येत नाही म्हणजे बॅटरीपलीकडं काही आहे. चोकचा खटका ओढून बघा. हाताला ताण लागला पाहिजे. सैल वाटला तर केबल तुटलीय किंवा गंजून अडकलीय. पुष्कळ स्कूटरांत चोक महिनोन्‌महिने कुणी वापरलेलाच नसतो आणि नेमका डिसेंबरात उपयोगी येत नाही. प्लग काढून बघायला सांगा. कमी अंतराच्या गाडीचा प्लग काजळीनं काळा होतो. एअर फिल्टर मातीनं भरला असेल तर बदला, फुंकून परत बसवू नका.

आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. याबद्दल मिस्त्रींना मुद्दाम सांगा. वापरानं ही फट कमी होऊ शकते. ती फार आवळली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि गार गाडी सुरू व्हायला त्रास देते. टॅपेटची फट इंजिन पूर्ण गार असतानाच मोजायची असते. म्हणजे स्कूटर आदल्या रात्री गॅरेजला ठेवा आणि सकाळी सुरू करण्याआधी फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या. दुपारी चालवत नेलेल्या गाडीवर केलेलं टॅपेट दुसऱ्या पहाटे दगा देतं. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय टॅपेट आणि चोक यांच्यावर आहे.

स्कूटर सुरू झाल्यावर अर्धा मिनिट तशीच चालू द्या आणि मग हळू निघा. उभ्या जागी रेस देऊन इंजिन तापवू नका. गार ऑइल वर पोचण्याआधी दिलेली रेस सगळ्यात जास्त झिजवते.

सासऱ्यांच्या मोटारसायकलचा प्रश्न वेगळा आहे. तिथं ट्वेंटी-फिफ्टी धुरावर पांघरूण घालायला वापरलं जातंय. जाड ऑइल रिंगांमधून कमी निसटतं, म्हणून धूर काही दिवस कमी दिसतो. झीज तशीच चालू राहते. धूर कधी येतो ते बघा. सकाळी सुरू केल्यावर निळा धूर येऊन दोन मिनिटांत थांबत असेल तर व्हॉल्व्हच्या ऑइल सील गेल्या आहेत, ते काम स्वस्तातलं आहे. रेस दिल्यावर, चढावर, कायमच निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचं बोअर झिजलंय. ते रिबोअरचं काम आहे आणि कोल्हापुरात उद्यमनगरात ते नीट करणारी माणसं आहेत. काम होईपर्यंत सर्वांत मोठा धोका ग्रेडचा नसून पातळी कमी होण्याचा आहे. धूर मारणारी गाडी ऑइल खातेच. सासऱ्यांना म्हणा, मार्केट यार्डाला निघण्याआधी प्रत्येक वेळी पट्टी बघा. जुन्या १०० सीसी गाड्यांच्या पुस्तिकेत सालाप्रमाणं कुठं २०डब्ल्यू-४० तर कुठं १०डब्ल्यू-३० सापडतं. पुस्तिकेनं २०डब्ल्यू-४० ला परवानगी दिली असेल तर काम होईपर्यंत ते घाला. त्यापुढं ट्वेंटी-फिफ्टीपर्यंत जायची गरज नाही.

आता ते एमबी. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्ये बुडालेला असतो. क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धराव्यात म्हणून तिच्या ऑइलमध्ये घसरडेपणा ठराविक मर्यादेतच ठेवतात. जासो या जपानी मानकात अशा ऑइलला एमए किंवा एमए२ म्हणतात. स्कूटरचा क्लच वेगळ्या कप्प्यात, कोरडा असतो. त्यामुळं तिच्या एमबी ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं जास्त चालतात. स्कूटरचं उरलेलं एमबी सासऱ्यांच्या गाडीत ओतलं तर क्लच घसरायला लागतो: इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी चढाला पुढं सरकत नाही. उलट, कधी एमबी मिळालं नाही आणि स्कूटरमध्ये त्याच ग्रेडचं एमए घातलं तर नुकसान होत नाही, ॲव्हरेजला थोडा फरक पडेल इतकंच. म्हणून घरात दोन्ही डबे असतील तर त्यांच्यावर ठळक अक्षरात स्कूटर आणि मोटारसायकल असं लिहून ठेवा.

दिरांचा डबाही याच कारणानं बाद होतो. ०डब्ल्यू-२० हे नव्या पेट्रोल कारसाठीचं ऑइल. तापल्यावर २० ग्रेडचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असतो, ३० चा ९.३ ते १२.५ च्या मध्ये. म्हणजे तुमच्या स्कूटरला हव्या असलेल्या जाडीची खालची मर्यादा जिथं सुरू होते, तिथं हे संपतं. शिवाय अशा कार ऑइलमध्ये पेट्रोल वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती मोटारसायकलच्या क्लचला मानवत नाहीत. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात तर ते मुळीच नको. ऑइल वाईट नाही, उलट महागातलं आणि चांगलं आहे. सील फोडलं नसेल तर बिल दाखवून परत करता येतं का बघा, नाहीतर ओळखीत ज्यांच्या कारच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलंय त्यांना द्या. दिरांना हे मायेनं सांगा, त्यांनी घराच्या काळजीपोटीच आणलंय.

ट्रॅक्टरबद्दल थोडक्यात. पुस्तिकेत बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असेल, तेच ठेवा. ग्रेडबरोबर डब्यावर सीएफ-४, सीआय-४ अशी डिझेलची दर्जाची खूणही असते, ती पुस्तिकेत दिलेली किंवा तिच्यावरची घ्या. ट्रॅक्टरचं ऑइल तासांवर बदलतात, पुष्कळ मॉडेलांना २५० तास सांगितलेले असतात. ऊस वाहतुकीत रोज दहा तास इंजिन चाललं तर पंचवीस दिवसांत ते भरतात, म्हणजे एका गळीत हंगामात तीन-चारदा बदलणं येतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा नवं ऑइल आणि नवा फिल्टर घालूनच पहिली खेप काढा. डिझेलचं ऑइल घातल्यावर लवकरच काळं पडतं, त्यावरून ते खराब झालं असं समजू नका. काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. कारखान्याच्या काट्यापुढं रांगेत उभं राहिल्यावर इंजिन बंद करा.

आणि शेवटी गोठ्याचं. ताई, हे मात्र आजपासून बंद करा. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचा बारीक अंश असतो आणि जळताना तयार झालेली कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. गाई-म्हशी मेढी चाटतात, वासरं दाराला अंग घासतात आणि मग तेच अंग चाटतात. ज्या गोठ्यातलं दूध तुम्ही रोज पहाटे संस्थेत नेता, तिथं हे नको. वाळवीसाठी लाकडाला लावायचं वेगळं औषध मिळतं. गोठ्यासाठी, जनावरांना चालणारं, असं सांगून घ्या. ऑइल शेतात, ओढ्यात किंवा विहिरीच्या आसपासही ओतू नका. रिकाम्या डब्यात साठवा, झाकण लावा, मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. सासरे कोल्हापूरला जातील तेव्हा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्यायला सांगा, त्यांच्याकडून ते परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्याकडं जातं. रस्त्यावर सुटं मागायला येणाऱ्याला देऊ नका, आणि नव्या ऑइलचे रिकामे डबे टाकताना त्यांना खिळ्यानं भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी बनावट ऑइल भरून विकणार नाही.